कीर्तनातली जात आणि दाखल्यावरची जात

चोपडा तालुक्यातल्या एका तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "आमच्या गावी सप्ताहात महाराज म्हणाले, हिंदू धर्मात जात जन्मावर नाही, गुण-कर्मावर आहे, गीतेत भगवंतांनी तसं सांगितलंय. मला ते मनापासून पटलं. कॉलेजात बोललो तर मित्र म्हणाला, मग तुला जातीचा दाखला कोणत्या गुणावर मिळाला? मला उत्तर देता आलं नाही. खरं काय आहे? दुसरं, आम्ही अनुसूचित जमातीचे. माझी बहीण खुल्या प्रवर्गातल्या मुलाशी लग्न करतेय. तिच्या मुलांची जात कोणती धरणार?"

अठ्ठावीस वर्षं मी वकिली करतो. जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांतली जात पडताळणीची प्रकरणं हे माझं मुख्य काम. घर वारकरी, वडील माळकरी, आणि अमळनेरला कॉलेजात संस्कृत घेतलं होतं. त्यामुळे गीताही वाचली आणि पडताळणी समितीपुढचे जबाबही. तुमच्या मित्राचा प्रश्न मला वकिलीच्या सुरुवातीलाच पडला होता आणि तेव्हा मीही असाच गप्प बसलो होतो. म्हणून जरा लांबण लावतो.

आधी महाराजांची बाजू, कारण ते जे बोलले ते पोथीत आहे. गीतेच्या चौथ्या अध्यायात 'गुणकर्मविभागशः' हा शब्द आहे, तो कोणी मागाहून घुसडलेला नाही. महाभारताच्या वनपर्वात अजगर होऊन पडलेला नहुष युधिष्ठिराला विचारतो, ब्राह्मण कोण? युधिष्ठिर म्हणतो, सत्य, दान, क्षमा, शील ज्याच्या ठायी दिसतं तो. नहुष अडवतो, अरे, हे तर शूद्रातही असतं! युधिष्ठिर माघार घेत नाही. शूद्राच्या ठायी ही लक्षणं असतील तर तो शूद्र नव्हे, आणि ब्राह्मणाच्या ठायी नसतील तर तो ब्राह्मण नव्हे. पुढे तो आणखी एक गोष्ट बोलतो, आणि ती मला सगळ्यात धीट वाटते: माणसांत इतकी सरमिसळ झाली आहे की जात पारखणंच कठीण. शांतिपर्वात भरद्वाज भृगूला विचारतो, काम, क्रोध, भय, लोभ, शोक, चिंता, भूक, श्रम हे सगळ्यांना सारखेच छळतात, मग वर्ण वेगळे ओळखायचे कसे? छांदोग्य उपनिषदात सत्यकाम गुरूला सांगतो की माझं गोत्र आईलाही माहीत नाही, आणि गुरू त्याच्या खरेपणावर त्याला पदरात घेतात. वज्रसूची उपनिषद तर एकेक करून विचारतं, ब्राह्मण म्हणजे जीव का, देह का, जात का, ज्ञान का, कर्म का, आणि प्रत्येकाला 'नाही' म्हणत आत्मज्ञानापाशी थांबतं. ते आपल्या मराठीत आणलं संत बहिणाबाईंनी, तुकोबांच्या शिष्येने. (आपल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या, दोघींची गल्लत फार होते.)

हा प्रवाह जुना आहे, खरा आहे, आणि तो आपल्या परंपरेत आहे याचा मला अभिमान आहे. गुणाची गोष्ट इंग्रजांनंतर सुधारकांनी रचली असं कोणी म्हणालं तर मी त्याच्याशी भांडेन.

पण महाराजांनी अर्धीच पोथी सोडली. त्याच छांदोग्याच्या पाचव्या अध्यायात लिहिलंय की ज्यांचं आचरण चांगलं ते ब्राह्मण, क्षत्रिय किंवा वैश्य योनीत येतात, ज्यांचं वाईट ते कुत्रा, डुक्कर किंवा चांडाळाच्या योनीत. खरी गाठ इथे बसली आहे. गुण आणि जन्म या दोन वेगळ्या वाटा राहिल्याच नाहीत, त्या एकमेकींत विणल्या गेल्या. तू या घरात जन्मलास तो तुझ्या गुणांमुळेच, फक्त ते गुण मागच्या जन्मीचे! गीतेचा अठरावा अध्याय चारी वर्णांची कर्मं 'स्वभावातून उपजलेल्या गुणांनी' वाटलेली सांगतो. हा स्वभाव येतो कुठून, तर शंकराचार्यांनी भाष्यात दिलेल्या अर्थांपैकी एक आहे पूर्वजन्मीचे संस्कार. ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात सत्यकामाची गोष्ट येते तेव्हा ती शूद्राला वेदाचा अधिकार नाही या बाजूने लावली जाते. पोरगा खरं बोलला म्हणून त्याच्या गुरूला, गौतमाला, त्याची जात कळली, असा तिचा अर्थ होतो. म्हणजे जी गोष्ट आपण दार उघडल्याची म्हणून सांगतो, तीच दार लावायला वापरली गेली.

जे गुण या डोळ्यांनी कोणी पाहिलेच नाहीत, त्यांवर माणूस कशाने वाद घालणार?

याहून साधा पुरावा मुंजीचा. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात उपनयनाची वयं दिली आहेत, गर्भापासून मोजून ब्राह्मणाचं आठव्या वर्षी, क्षत्रियाचं अकराव्या, वैश्याचं बाराव्या. आता विचार करा. सात-आठ वर्षांच्या पोराचे कोणते गुण, कोणतं कर्म तपासून तो ब्राह्मण ठरला? त्याचा बाप बघून ठरला. 'जन्माने सगळे शूद्रच, संस्काराने द्विज होतात' हे वचन भाषणांत मनूच्या नावावर खपवतात. त्या शब्दांत ते मनुस्मृतीत नाही. पण असतं तरी संस्कार कोणाचे करायचे याची यादी जन्मावरूनच लागते, त्याचं काय?

शिवाय गीता बोलते ती चार वर्णांबद्दल. तुमची-माझी अडचण वर्णाची नाही, जातीची आहे. लेवा, गुजर, कोळी, माळी, भिल्ल, पावरा, मांग, महार यांतलं एकही नाव गुणावरून कोणाला मिळालेलं नाही. आणि शास्त्राने जातींचा उगम सांगितला तिथे काय सांगितलं? मनूचा दहावा अध्याय काढून बघा. अमक्या वर्णाचा बाप आणि तमक्या वर्णाची आई यांची संतती ती अमकी जात. पहिल्यापासून शेवटपर्यंत जन्माचाच हिशेब.

पोथी बाजूला ठेवू आणि घडलेलं बघू. क्षत्रियाचे गुण आणि क्षत्रियाचं कर्म एका माणसात बघायचं असेल तर शिवाजी महाराजांपेक्षा मोठं नाव महाराष्ट्राला ठाऊक नाही. तीस वर्षं तलवार गाजवली, राज्य उभं केलं. तरी १६७४ साली राज्याभिषेकाची वेळ आली तेव्हा नुसतं कर्म पुरलं नाही. उदयपूरच्या सिसोदिया घराण्याशी नातं सांगणारी वंशावळ पुढे ठेवावी लागली, गागाभट्टांना काशीहून आणावं लागलं, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मुंज करून घ्यावी लागली. ज्या माणसाला वंशावळीची गरज पडायला नको होती त्यालाही ती मागितली गेली. समितीपुढे वंशावळीचं प्रतिज्ञापत्र सही करताना माझा पक्षकार ओशाळला की मी त्याला हे सांगतो.

दुसरं नाव चोखोबांचं. त्यांच्या भक्तीबद्दल, शीलाबद्दल सबंध वारकरी संप्रदायात कोणाला शंका नव्हती. ते संत आहेत हे सगळे मानत होते, अभंग सगळे म्हणत होते. तरी समाधी महाद्वाराबाहेर पायरीशी. गुण मान्य, जागा मात्र जन्माची. ते दार त्यांच्या समाजाला उघडायला १९४७ साल उजाडावं लागलं, आणि त्यासाठी आपल्या अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवलेल्या साने गुरुजींना पंढरपुरात दहा दिवस उपोषणाला बसावं लागलं. मे महिन्यात, त्या उन्हात.

आणि मुक्ताई. तुमच्या महाराजांनी कोथळीचं दर्शन नक्की घेतलं असेल. मुक्ताईनगरहून आषाढीला निघणारी पालखी आपण खान्देशी माणसं डोळ्यांत साठवून ठेवतो. त्या चार भावंडांची परंपरेने चालत आलेली कथा जात पडताळणीचीच कथा आहे हे मला फार उशिरा लक्षात आलं. बाप संन्यास सोडून परत संसारात आला, म्हणून ती 'संन्याशाची पोरं' ठरली आणि मुंजीला मुकली. आईबापांनी देह टाकला तरी पोरांवरचा डाग गेला नाही. शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभं राहावं लागलं. ज्ञानेश्वर, निवृत्ती, सोपान, मुक्ता, यांच्याहून जास्त गुण कोणात शोधायचे? तरी कागद मागितला. त्याच ज्ञानोबांनी पुढे नवव्या अध्यायात लिहिलं की कुळ, जाती, वर्ण हे आघवेंचि अकारण. ते कोणत्या जागी उभं राहून लिहिलंय हे कळल्यापासून ती ओवी वाचताना माझा आवाज जड होतो.

आता माझ्या टेबलावर येऊ. 'जन्म' हा शब्द आपण असा वापरतो की जणू तो दगडावरची रेघ आहे. प्रत्यक्षात पडताळणीत जन्म म्हणजे कोणीतरी, कधीतरी, कुठल्यातरी वहीत लिहिलेला एक शब्द. यावल तालुक्यातल्या एका गावची प्राथमिक शाळा. मुख्याध्यापकांनी लोखंडी कपाटातून दाखल-खारीज रजिस्टर काढलं, कापडी पुठ्ठ्याचं, कडा वाळवीने खाल्लेल्या. माझ्या पक्षकाराच्या आजोबांची आणि त्यांच्या दोन भावांची नोंद हवी होती. तिघे सख्खे, एकाच आईचे. १९४१ च्या धाकट्याच्या नावापुढे जातीच्या रकान्यात नुसतं 'हिंदू'. १९३४ च्या मधल्यापुढे 'कोळी'. १९२९ च्या थोरल्याची ओळ मोडीत, टाकाने लिहिलेली, आणि 'कोळी'च्या आधी एक काळा ठिपका. आधीच्या सुनावणीत तो ठिपका शाईचा डाग म्हणून सोडून दिला होता आणि दावा नामंजूर झाला होता. मी धुळ्याहून मोडी वाचणारे एक म्हातारे गुरुजी नेले. त्यांनी भिंग लावलं, पान उजेडाकडे तिरपं धरलं, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "डाग नाही हा. 'टो' आहे. टोकरे." टोकरे कोळी अनुसूचित जमातीच्या यादीत आहेत, नुसते 'कोळी' नाहीत. पक्षकाराचे वडील दाराशी उभे होते. त्यांनी मला विचारलं, "आप्पा, मंग मनी जात कोनती शे?" साठीचा माणूस. आयुष्यभर गावाने त्याला त्याची जात रोज दाखवून दिली होती, आणि कागदावर ती काय आहे हे तो मला विचारत होता.

तीन भाऊ, तीन गुरुजी, तीन नोंदी. गाव नमुना चौदामधल्या जन्ममृत्यूच्या नोंदींत, फेरफारात, जुन्या खरेदीखतांत हेच. पाटील आडनाव तर आपल्याकडे किती जातींत आहे! युधिष्ठिर म्हणाला होता जात पारखणं कठीण, ते मी या कपाटांपुढे बसून शिकलो.

मग कायदा जन्मच का धरतो? तुमच्या मित्राला द्यायचं उत्तर इथे आहे. घटनेच्या कलम ३४१ आणि ३४२ खालच्या अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या कोण थोर आणि कोण हलका हे ठरवायला केलेल्या नाहीत. ज्यांना जन्मावरून विहिरीपासून, शाळेपासून, जमिनीपासून दूर ठेवलं, किंवा डोंगरात एकटं टाकलं, त्यांची ती नोंद आहे. इजा जन्मावरून झाली, म्हणून भरपाईलाही जन्मच बघावा लागतो. ज्या रकान्यात बघून मारलं त्याच रकान्यात बघून औषध द्यायचं, दुसरा रकाना आणायचा कुठून? दाखला तुमचे गुण सांगत नाही. तुमच्या घराण्याला काय सोसावं लागलं ते सांगतो. मित्राला सांगा, दाखला मिळायला कोणताही गुण लागला नाही, कारण पाणी नाकारताना माझ्या आज्याचा कोणताही गुण कोणी विचारला नव्हता.

कायद्यालाही गुण-लक्षणांचा मोह झाला होता, तेही सांगतो. १९९४ च्या माधुरी पाटील निकालापासून पडताळणी समित्या आणि दक्षता पथकं आली, आणि जमातींच्या दाव्यांत आप्तभाव बघायची रीत पडली. तुमचं कुलदैवत कोणतं, हळदीला काय करता, मयताला काय करता, बोली कोणती. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरात वाढलेल्या पोरीला सातपुड्यातलं लग्नगीत म्हणता आलं नाही म्हणून दावा गेल्याचं मी पाहिलं आहे. पोरगी जिना उतरताना रडत होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी ठाकूर जमातीच्या प्रकरणात स्पष्ट केलं की आप्तभाव ही अंतिम कसोटी नव्हे. जुन्या, विशेषतः घटनेआधीच्या कागदांचं वजन मोठं. हा निकाल मी प्रत्येक फाईलला जोडतो. पुरावा देण्याची जबाबदारी मात्र अजूनही दावेदारावरच आहे, राज्याच्या २००१ च्या कायद्याचं कलम ८ तसं सांगतं.

आणि धर्म बदलला म्हणून जात सुटते असंही नाही. यावल-रावेरचे तडवी बहुतेक मुसलमान आहेत, तरी भिल्ल जमातीतच मोजले जातात, कारण जमातीच्या यादीला धर्माची अट नाही. अनुसूचित जातींना ती आहे. हिंदू, शीख आणि १९९० पासून बौद्ध.

माझं मत विचाराल तर 'गुणावर जात' हे वाक्य सत्य म्हणून सांगितलं की घात करतं आणि प्रतिज्ञा म्हणून घेतलं की कामाला येतं. 'आमच्या धर्मात जात जन्मावर नाहीच' असं म्हटलं की झालेल्या अन्यायाचा धनीच कोणी उरत नाही. 'मी यापुढे जन्म विचारणार नाही' असं म्हटलं तर त्याचा हिशेब घेता येतो: मुलीच्या लग्नात, भाड्याच्या खोलीत, सप्ताहाच्या पंगतीत, गाभाऱ्यात. बाबासाहेबांनी लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, १९३६ मध्ये छापलेल्या भाषणात गुणावर चातुर्वर्ण्य मानणाऱ्या आर्यसमाजी मंडळींना नेमकं हेच विचारलं होतं. गुणच बघायचे तर ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य, शूद्र ही जन्माची नावं कशाला ठेवता? याला सरळ उत्तर मी अजून कुठे ऐकलेलं नाही. तुमच्या महाराजांशी भांडू नका. बहिणीच्या लग्नाची पत्रिका घेऊन त्यांच्याकडे जा आणि आशीर्वादाला बोलवा. मला वाटतं ते येतील.

आता बहिणीचं. लग्नाने तिची जात बदलत नाही. ती जन्माने अनुसूचित जमातीची आहे आणि राहील, सासर कोणतंही असो. उलट खुल्या प्रवर्गातली मुलगी जमातीच्या घरी सून म्हणून आली तर तिला जमातीचा दाखला मिळत नाही. मुलांच्या बाबतीत पूर्वी बापाची जात एवढंच उत्तर होतं. २०१२ मध्ये रमेशभाई नाईका प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की बापाची जात हे गृहीतक आहे, पण ते खोडता येतं. मूल आईच्या समाजात वाढलं, त्या समाजाने आपलं मानलं, बाहेरच्यांनीही तसंच वागवलं, आईच्या लोकांच्या वाट्याचं त्याच्याही वाट्याला आलं, हे पुराव्याने दाखवलं तर आईची जमात मिळू शकते. जन्माबरोबर जगणं बघायची ही कायद्यातली मला आवडणारी जागा.

तुमच्या बहिणीचा संसार जळगावात सासरच्या घरी नीट चालला, सासरच्यांनी मुलांना मायेने वाढवलं, तर मुलं बापाच्याच जातीची धरली जातील. तेव्हा दाखल्याच्या मागे लागू नका. खोटी परिस्थिती दाखवून घेतलेला दाखला पुढे रद्द होतो, नोकरी जाते, गुन्हाही दाखल होतो. पण सासरने तोडलं आणि मुलं मामाच्या गावी वाढली, तर पहिल्या दिवसापासून कागद जपा. जन्मदाखल्यावर हल्ली जात नसते, पहिली नोंद शाळेत होते. तिथे काय लिहिलं जातंय ते स्वतः उभं राहून बघा. रेशनकार्ड, अंगणवाडीची नोंद, तुमच्या गावच्या शाळेचा दाखला, सगळं एका पिशवीत ठेवा.

गावातून जातपंचायतीने वाळीत टाकायची भाषा केली तर राज्याचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, पोलिसांत तक्रार घेतात. आणि बहिणीच्या स्वतःच्या वैधतेचा अर्ज अजून झाला नसेल तर तो लग्नाआधी करा. वडील, काका, आत्या यांच्यापैकी कोणाचं वैधता प्रमाणपत्र असेल तर त्याची प्रत जोडा, आजोबांच्या शाळेचा उतारा काढा, आणि तो मोडीत असेल तर ठिपक्यांसकट वाचून घ्या.